दहा पायांचा बाप

भागीरथाबाईंनी दारात उभं राहून भाजीवाल्याला हाक मारली की तो तर थांबायचाच, पण पुढच्या गल्लीत वळलेला भंगारवालाही आपलीच गाडी बोलावली समजून परत यायचा. देवानं गळाच तसा दिला होता. भजनी मंडळात त्यांच्यापुढे कधी माइक ठेवावा लागला नाही. उलट त्यांनाच भिंतीकडच्या रांगेत बसवायचे. अशा बाईनं यंदाच्या श्रावणात मौन धरलं, तेव्हा लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या वसाहतीत आधी हसू पिकलं आणि मग किती दिवस टिकतं याच्या पैजा लागल्या.

मौन होतं पहाटे डोळा उघडल्यापासून ते दुपारी महादेवाला नैवेद्य दाखवून घंटा वाजेपर्यंत. सुटताना पहिला शब्द देवाचा, संसाराचा मागून.

धरलं होतं लेकासाठी. अक्षय बी.एस्सी. झाला, शिकवण्या घेऊ लागला, आणि नोकरी शोधता शोधता पाखरांच्या नादी लागला. गावाला चिकटून एक पाणथळ जागा आहे. पूर्वी तिथे बेशरमाची झुडपं माजलेली, म्हणून नावच बेशरमचा तलाव. आता तिला कुंपण आलं, पाण्यावरून लाकडी पूल आला, फाटकावर ‘पाणथळ उद्यान’ अशी रंगीत पाटी आली, तरी ऑटोवाले अजून "बेशरमले जाचं का?" असंच विचारतात. अक्षयनं उद्यानाच्या समितीपुढे अर्ज केला की, दर रविवारी सकाळी मी लोकांना फिरवून पक्षी दाखवतो. समितीचे घनश्यामभाऊ म्हणाले, "एक रविवार फिरवून दाखव. लोकाइले आवडलं तर पुढचे सारे रविवार तुये. नाई आवडलं तर आपला रामराम."

पहिल्या फेरीला माणसं कुठून आणायची? आईचं भजनी मंडळच तयार झालं. पण अक्षय आईलाच म्हणाला, "आई, तू नको येऊ."

"काहून?"

"तू एक डाव ‘पाय रे पाय’ म्हनलं का तलाव रिकामा होईन. सारे पक्षी पार नेर गावाले जाऊन बसतीन."

भागीरथाबाईंना ते लागलं. पण काही नवल दिसलं की ‘पाय रे’, म्हणजे ‘पाहा रे’, अशी आरोळी ठोकायची त्यांची सवयच होती; खोटं होतं असंही म्हणता येईना. त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे निरांजन लावलं आणि हात जोडले, "महादेवा, माझ्या पोराचं काम मार्गी लाव. श्रावणभर दुपार होईस्तोवर मी ओठ उघडनार नाही." मग अक्षयकडे वळून म्हणाल्या, "आता तं येऊ देशीन?"



श्रावण सरत आला. पोळा दोन दिवसांवर आला आणि अक्षयच्या फेरीचा रविवार उजाडला. मौन अजून अखंड होतं. भागीरथाबाईंच्या नणंद इंदुताई दिग्रसहून पोळ्यासाठी भावाकडे आलेल्या होत्या. वयानं भावापेक्षाही मोठ्या, वरून मानाच्या. भागीरथाबाईंनी लग्न होऊन आल्यापासून त्यांना ‘अहो इंदुताई’ खेरीज हाक मारली नव्हती. इंदुताईंचा मात्र या मौनावर काडीचा विश्वास नव्हता.

"वहिनी अन् मौन?" चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या. "अवो, मांजरीनं दुधाचा उपास धरला म्हना ना."

भागीरथाबाईंनी नुसतं हसून कपबशी पुढे केली.

निघताना इंदुताईंनी देव्हाऱ्यामागची कापडी पिशवी उचलली. श्रावणभर महादेवाला वाहिलेला बेल, वाळलेली फुलं, दोऱ्याच्या वाती, एक नारळ, सगळं निर्माल्य त्यात साठलं होतं. पाण्याशी जातोच आहोत तर पाण्यात सोडून येऊ, एवढा साधा हिशेब. भागीरथाबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं.

फाटकाशी अक्षय उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दुर्बीण.  शेजारी घनश्यामभाऊ, डोक्याला पांढरी टोपी, मनगटावरचं घड्याळ दर दोन वाक्यांनी बघत. भागीरथाबाईंनी दुरूनच त्याला कॉलर नीट करायची खूण केली. 

"मावशी, काकू, साऱ्याइले सांगतो," अक्षय म्हणाला. "हळू बोलाचं. पक्ष्याइले खाऊ घालाचं नाही. अन् पाण्यात काहीच टाकाचं नाही."

इंदुताईंनी पिशवी हळूच पदराखाली घेतली. ‘काहीच’ म्हणजे कचरा, असा त्यांचा समज. देवाचा बेल हा काय कचरा आहे?

"अन् आज मी तुमाले कमळपक्षी दाखवनार हावो," अक्षय पुढे म्हणाला. "कमळाच्या पानावर चालते तो. त्याची गंमत अशी का, मादी अंडे देते अन् चालली जाते. अंडे उबवाचं, पिल्लं वाढवाचं, सारं बाप करते."

मंडळात एकदम खसखस पिकली.

"बाप करते?" बिजलीबाई पुढे सरसावली. ती भजनी मंडळातली टाळकरी, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून लग्न होऊन शहरात आलेली, जीभ विळ्यासारखी. "याडी ये! माय वो! मंग त्याचा पत्ता दे ना, भाऊ. आमच्या घरच्याले चार दिवस शिकाले पाठवतो त्याच्याकडे."

"त्याचंच काय," दुसरी म्हणाली, "आमचे तं स्वतःचं गिलास उचलत नाईत."

घनश्यामभाऊंनी टोपी नीट केली आणि दुसरीकडे पाहिलं.

भागीरथाबाईंच्या ओठांशी इतकी झकास कोटी आली होती की ती गिळताना त्यांना ठसका लागला. बिजलीबाईनं पाठ चोळली. "राहू दे वो, दुपारून सांगजो. ध्यानात ठेव."

आणि फेरी सुरू झाली. रात्री पाऊस पडून उघडलेला, आभाळ धुतल्यासारखं. लाकडी पुलाच्या फळ्या ओल्या होत्या, खाली पाणकणसं डुलत होती. पाच पावलं चाललं नाही तोच निळ्या रंगाची एक ठिणगी पाण्यावरून सूंऽऽ करत गेली.

"खंड्या!" अक्षय कुजबुजला.

"कुठी? कुठी?"

"गेला."

"अरे, मले तं दाखव!"

"मावशी, त्याले थांबवू कसा?"

मग वंचक दिसला. बगळ्याचाच भाऊ, बसला की मातीचा गोळा, उडाला की दुधासारखा पांढरा. त्याचं ते एका क्षणात पालटणं बघून बायका लहान पोरींसारख्या एकमेकींचे दंड धरू लागल्या. मग टिटवी ओरडली. मग जांभळ्या पाणकोंबड्या, नवी इरकली नेसून बाजाराला निघाल्यासारख्या, शेपटी उडवत गवतातून गेल्या. अक्षयनं दुर्बीण फिरवली आणि म्हणाला, "ते बदकं पाहा. चोचीच्या शेंड्याले पिवळा ठिपका, मुळाशी लाल. त्याचं नावच हळदीकुंकू."

दुर्बीण हातोहात फिरली. इंदुताईंनी डोळ्याला लावली, बघितलं, आणि दुर्बीण गळ्यात तशीच लोंबू देऊन हात जोडले. "बाप्पा! सवाष्ण पाखरू हाय हे. श्रावणात दर्शन झालं."

भागीरथाबाईंचं काय होत होतं ते त्यांनाच ठाऊक. इतकी वर्षं या तलावाच्या कडेनं त्या गेल्या, नाकाला पदर लावून गेल्या. आणि आत हा असा दरबार भरलेला! बघावं तिकडे काहीतरी हलत होतं, चमकत होतं, सुळकन बुडत होतं. प्रत्येक वेळी छातीतून ‘पाय रे पाय’ उसळून वर यायचं आणि दातांच्या फाटकाशी अडायचं. बोलणं अडलं म्हणून की काय, डोळे मात्र सुटल्यासारखे सगळीकडे धावत होते. एरवी त्या अर्ध्या गोष्टी बघता बघताच सांगायला वळायच्या.

पण कमळपक्षी काही दिसेना.

अक्षय एका वळणावर थांबला, दुसऱ्या वळणावर थांबला. दुर्बिणीतून कमळाची पानं विंचरून काढली. बायकांचे पाय दुखू लागले. कुणीतरी शेंगदाण्याचा लाडू काढला. घनश्यामभाऊ घड्याळ बघून म्हणाले, "चाल बा अक्षय, मले लोहाऱ्याले एका कार्यक्रमाले जाचं हाय. पाखरू घरी नसन आज."

"भाऊ, रोज राह्यते इथंच. दोनच मिनिटं."

त्या ‘दोनच मिनिटं’मधलं आर्जव भागीरथाबाईंना कळलं. त्यांनी मनातल्या मनात ‘ॐ नमः शिवाय’ सुरू केलं आणि जपाच्या नादात पावलं मागे पडली. सगळे पुढच्या वळणाला गेले. त्या कठड्याला टेकून एकट्याच उभ्या राहिल्या.

आणि समोरचं पान हललं.

वारा नव्हता. आधी त्यांना एक पाऊल दिसलं. लांबच लांब बोटांचं, झाडूच्या हिरांसारखं पसरलेलं. ते पानावर पडलं, पान किंचित दबलं, बुडालं मात्र नाही. मग वर पक्षी दिसला. काळसर चमकती मान, पितळी भांडं घासून ठेवावं तशी पाठ, आणि डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ, जणू भस्माचं बोट ओढलेलं. त्याच्या मागोमाग कापसाच्या बोंडाएवढी चार पिल्लं टुणटुण करत पानांवरून येत होती. एवढ्याशा जिवाला बापाएवढीच लांब बोटं! एक अडखळलं, पाण्यात पडलं, फडफडून पुन्हा पानावर चढलं.

भागीरथाबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. ओरडू नये म्हणून.

बापाला त्यांची सावली दिसली असावी. त्यानं बारीकसा आवाज काढला. झालं! चारही पिल्लं होती तिथे दिसेनाशी झाली. पानांच्या काठाखाली, पाण्यात अंग बुडवून, फक्त चोचीची टोकं वर. बघितलं नसतं तर कुणाला शंका आली नसती की तिथे कुणी आहे.

भागीरथाबाई चवड्यांवर धावत सुटल्या. वळणावर बिजलीबाई पहिली भेटली. तिचा दंड धरून त्यांनी मागे बोट दाखवलं.

"काय? बाथरूमले जाचं?"

भागीरथाबाईंनी जोरानं मान हलवली. डाव्या तळव्याचं पान केलं, त्यावर उजव्या हाताची दोन बोटं चालवली.

"पाय दुखून राह्यले? माये बी दुखून राह्यले, बाई."

त्यांनी दोन्ही हात पंखांसारखे हलवले.

"गरम होऊन राह्यलं म्हनते," बिजलीबाईनं इतर बायकांना सांगितलं. "पानी द्या वो कोनी."

तीन बाटल्या पुढे आल्या. भागीरथाबाईंना रडावं की हसावं कळेना. अक्षय पार पुढे होता, घनश्यामभाऊंच्या मागे मागे, पडलेल्या खांद्यांनी. त्यांनी चार बोटं दाखवली, कमरेखाली हात नेऊन लहान लहान पोरं दाखवली.

"चार लेकरं," बिजलीबाई म्हणाली. "कोनाचे? तुले तं एकच हाय!"

मग भागीरथाबाईंचं लक्ष मागे गेलं आणि हात हवेतच राहिले.

या गडबडीत इंदुताई एकट्याच मागे फिरल्या होत्या. अगदी त्याच कठड्याशी. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी पदराखालची पिशवी काढली होती. डोळे मिटून कपाळाला लावली होती. आता ती नारळाची जड पिशवी पाण्यात लांब जावी म्हणून त्यांनी हात मागे नेला. पाठ इकडे होती. खाली तीच पानं होती.

हातवाऱ्यांचं काही काम नव्हतं. धावून पोचायला वेळ नव्हता. आणि एक गोष्ट भागीरथाबाईंना लख्ख दिसत होती: तोंड उघडलं तर महिनाभराचं मौन गेलं, देवाशी बोललेलं गेलं. तलावावर एक पाखरू राहणार नाही, घनश्यामभाऊ गाडीत बसतील, आणि अक्षयनं महिन्याभरापूर्वी जे म्हटलं होतं तेच खरं होईल. सगळ्या गावासमोर खरं होईल.

पानाखालची ती एक चोच डोळ्यांपुढून हलेना. कणीएवढी.

"ए इंदेऽऽऽ! थांऽऽब!"

श्रावणभर कोंडलेला तो आवाज. तलाव हादरला. पाणकणसांतून बगळे उठले, हळदीकुंकू बदकं पंख फडफडवत आभाळात चढली, टिटव्यांनी बोंब ठोकली, जांभळ्या पाणकोंबड्या कुठे गेल्या ते कळलंही नाही. घनश्यामभाऊंची टोपी कठड्यावरून चिखलात पडली. इंदुताईंचा हात वरच्या वर थिजला. पिशवी डोक्यावर धरलेली, तोंड उघडं.

अक्षयनं कपाळावर हात मारला. "आईऽऽ..."

मग सगळं शांत झालं. एवढ्या मोठ्या पाण्यावर हलणारं असं काहीच उरलं नाही. एक सोडून.

तो उडाला नव्हता. उडणार कसा? पोरं खाली होती. कमळपक्षी पानावर खाली बसला, दोन्ही पंख जरासे उचलले आणि पुन्हा तसाच बारीक आवाज काढला. पानाच्या काठाखालून एक पिल्लू वर आलं आणि पंखाखाली शिरलं. दुसरं आलं. तिसरं. चौथं म्हणजे मघाशी पाण्यात पडलेलं, ते पुन्हा पडलं, पुन्हा चढलं. आणि पुलावरच्या सगळ्या बायका एकदम "अगं आई गं" असं श्वासातच म्हणाल्या. तेही शिरलं. बापानं पंख मिटले आणि तो उभा राहिला.

पंखांखालून पिल्लांचे पाय लोंबत होते. इकडे चार, तिकडे चार, लांब लांब बोटांचे. मध्ये त्याचे स्वतःचे दोन. असा तो पानावरून पानावर, एकेक पाऊल तोलत, साऱ्यांच्या डोळ्यांसमोरून निघाला. कुणी हललं नाही. घनश्यामभाऊ टोपीकडे वाकले होते ते तसेच वाकलेले राहिले. दिपाली नावाची वसाहतीतली एक मुलगी मोबाइल धरून उभी होती. तिनं सगळं टिपलं.

पानांच्या पलीकडे गवत होतं. त्यात तो शिरला.

"दहा!" बिजलीबाई सगळ्यांत आधी बोलली. "दहा पाय! म्या मोजले!"

मग जो गलका झाला! दोघी तर फुगडी घालायच्या बेतात होत्या, फळ्या ओल्या म्हणून थांबल्या. "बगलेत घेऊन गेला वो, बगलेत!" "चारही नेले!" "दिपाली, मले पाठव तो व्हिडिओ, आमच्या घरच्याले दाखवतो!" घनश्यामभाऊ चिखलाची टोपी हातात घेऊन अक्षयपाशी आले. "पुढच्या रविवारी घरच्याइले घेऊन येतो," ते म्हणाले, "अन् त्याच्या पुढच्या रविवारी शाळेचे पोट्टे बोलावून घे. पान दाबून पाय टाकला ना त्यानं... बाप्पा रे." लोहाऱ्याच्या कार्यक्रमाचं त्यांना आठवलंच नाही.

एवढ्या आनंदात इंदुताई मात्र पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. "मले," त्या म्हणाल्या, "मले इंदे म्हनलं. वहिनीनं."

सगळ्या भागीरथाबाईंकडे वळल्या. मौन मोडलं की नाही यावर तिथल्या तिथे सभा भरली. एक म्हणाली, जीव वाचवायला बोललं तर ते बोलणं धरायचं नाही. दुसरी म्हणाली, बोललं ते बोललं. बिजलीबाई म्हणाली, "अवो, मोडलंच हाय तं बोलून घे आता! म्हैनाभराचं!"

भागीरथाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा फुललेला की कुणाला वाईट वाटायचं सुचलं नाही.

अक्षय जवळ आला.  गळ्यातली दुर्बीण काढून त्यानं आईच्या गळ्यात घातली. "पुढच्या रविवारी माझ्यासंग पुढं चालजो," तो म्हणाला. "मी लय बोलतो. मले दिसत नाई."

घरी बातमी व्हिडिओसकट आधीच पोचली होती. भागीरथाबाईंचे यजमान भगवानराव तो पुन्हा पुन्हा लावून शेजाऱ्यांना दाखवत होते. भागीरथाबाई कुणाशी न बोलता आत गेल्या, हातपाय धुतले, वरण-भात केला, पानावर तूप वाढून नैवेद्य दाखवला. दाराशी सगळे दाटीवाटीनं उभे. घंटा वाजली.

"शिव शिव," त्या म्हणाल्या. मग देवाकडेच बघत, "मोडलं ते मोडलं, महादेवा. लपवत नाई. उद्यापासून पुन्हा धरतो, कार्तिकी एकादशीपर्यंत."

"घ्या!" भगवानराव म्हणाले. "मले वाटलं पोळ्यापासून घरात कोनी बोलन. करमत नाई वो."

कुणी हसलं, कुणी ‘बोला, बोला, काय झालं ते सांगा’ म्हणालं. पण भागीरथाबाई उठून इंदुताईंना शोधत मागच्या अंगणात गेल्या. इंदुताईंनी पारिजातकाच्या बुडाशी खुरप्यानं आळं उकरलं होतं. नारळ बाजूला काढून ठेवलेला. बाकी बेल, फुलं आळ्यात घालून त्या वरून माती लोटत होत्या.

"इंदुताई," भागीरथाबाईंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "चुकलं माझं. तोंडातून निघालं. तुमी मानाच्या..."

इंदुताई माती लोटत राहिल्या.  मग खुरपं खाली ठेवलं.

"आमची माय म्हने मले इंदे," त्या म्हणाल्या. "बांधावरून हाका मारे, अशीच. माय गेली, अन् मी साऱ्याइची ताई झाली. इंदे म्हनाले कोनी राह्यलंच नाई." त्यांनी मातीचे हात पदराला पुसले. "सकाळी मले वाटलं, मायनंच थांबवलं."

भागीरथाबाई गप्प.

"आता कायले गप्प बसता? घंटा वाजली ना?" इंदुताईंच्या आवाजात जुनी धार परत आली होती, पण डोळे भरलेले. "उद्यापासून तं कार्तिकापर्यंत सकाळी मुक्याच राहसान. एक डाव म्हना अजून. पुरा आवाज लावून."

भागीरथाबाई ओसरीवर गेल्या. चौकटीला हात धरून उभ्या राहिल्या, छातीभर श्वास घेतला.

"इंदेऽऽऽ! जेवाले येऽऽ!"

इंदुताई ओल्या आळ्यापाशी लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या आणि "आली!" म्हणून उठल्या. आणि समोरच्या दाराशी, रस्त्यानं चाललेला भंगारवाला गाडी उभी करून विचारत होता, "आवाज देल्ला का, बाई?"